काळा डबा घेऊन भरतपूरपर्यंत

गेल्या वर्षात मी भरतपूरला दोनदा गेले. मार्चअखेर गेले ती मोटारसायकलवरून, मागे प्रकाश बसला होता. परत आलो ते टॅक्सीने, गाडी तिथेच सोडून. ऑक्टोबरमध्ये गेले ती रेल्वेने, एकटी, आणि आले ती गाडीवरून. मधल्या काळात प्रकाश गेला. हे आधीच सांगून टाकते. प्रवासाचं वर्णन वाचायला घ्यावं आणि लिहिणाऱ्याने शेवटच्या पानावर एखादा मृत्यू पुढे करावा, हे मला वाचक म्हणून कधी आवडलेलं नाही.

दिल्लीतले लोक मोटारसायकली बाहेर काढतात ते पहाडात जायला. आम्हीही एके काळी तेच केलं होतं. भरतपूर म्हटल्यावर आमच्या ऑफिसातल्या लोकांनी मला विचारलं, "बस, भरतपूर?" त्यांना काय सांगणार? आम्हाला तेवढंच मिळालं होतं.

लक्ष्मीबाई नगर, मानेसर

प्रकाश माझा नवरा. केंद्र सरकारच्या एका खात्यात आराखडे तपासणारा इंजिनियर. मी दुसऱ्या खात्यात सेक्शन ऑफिसर. दोघंही मूळचे नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांतले, आणि नोकरीचं सगळं आयुष्य दिल्लीत, सरकारी क्वार्टरांत काढलेले. लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या बैठ्या क्वार्टरांमागच्या गल्लीत त्याने मला मोटारसायकल शिकवली होती. आता तिथे टॉवर उभे आहेत, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि गाडी तळघरात असते.

त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. पोटात एक नळी बसवलेली होती. दिवसातून चार वेळा त्या नळीतून पोटातलं जुनं पाणी काढायचं आणि पिशवीतलं नवं औषधी पाणी आत सोडायचं. रक्तातली घाण ते पाणी ओढून घेतं. यासाठी हॉस्पिटलात जावं लागत नाही, घरच्या घरी होतं. पण खोली बंद हवी, पंखा बंद हवा, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. नळीचं टोक क्षणभर उघडं राहतं. तेवढ्यात आत धूळ गेली तर पोटात जंतू होतात, आणि मग काही खरं नसतं.

काढलेलं पाणी चांगलं आहे की नाही हे पाहायची रीत साधी आहे. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. आरपार अक्षरं वाचता आली तर सगळं ठीक. गढूळ दिसलं की धावायचं. प्रकाश रोज सकाळी त्या पिशवीतून मोठ्याने बातम्या वाचायचा. "आज महागाई एकदम क्लियर दिसतेय, रूथ," असं स्वयंपाकघरात ऐकू आलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की ज्यातून रक्त गाळलं जातं तो पोटातला पडदा थकत चाललाय. उन्हाळ्यानंतर कधीतरी मशीनवर जावं लागेल, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल. हृदय कमजोर, म्हणून दुसरी किडनी बसवायचा प्रश्नच नव्हता. प्रकाशने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मतलब तब तक घूम सकता हूँ?" डॉक्टर हसले. "घूमिए, लेकिन एनसीआर में ही रहिए. कुछ हुआ तो उसी दिन मेरे पास आना है."

एनसीआर म्हणजे सरकारने दिल्लीभोवती आखलेला राजधानी परिसर. लिफ्टमध्ये प्रकाश म्हणाला, "भरतपूर एनसीआरमध्ये येतं."

"काहीतरीच."

"अलवरसुद्धा. बिल्कुल ऑफिशियल. या हद्दीचे नकाशे आयुष्यभर बघितलेत मी, यार. डॉक्टरांना वाटतं एनसीआर म्हणजे गुरगाव आणि नोएडा."

मी पानिपत सुचवलं, तेही त्याच हद्दीत येतं. त्याने हात जोडले. दिल्लीतल्या मराठी माणसाकडे जो पाहुणा येतो त्याला पानिपत दाखवावं लागतं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते पुरेसं बघितलं होतं.

पोटात दोन लिटर पाणी घेऊन त्याला गाडी चालवता येणार नव्हती. म्हणून मी चालवायची, तो मागे. सकाळच्या, संध्याकाळच्या आणि झोपायच्या वेळच्या पिशव्यांची खोकी मुक्कामाच्या लॉजवर आधीच पाठवता येत होती. अडचण होती दुपारची. दुपारचं सामान गाडीवरच न्यावं लागणार, आणि जिथे खोली मिळेल तिथे ते चटकन उतरवून, धूळ न लागता आत न्यावं लागणार.

आमच्या घरात सामान बांधणं हे प्रकाशचं खातं. नायलॉनची दोरी, जाळी, वर प्लॅस्टिक, पुन्हा दोरी. त्याच्या गाठी त्यालाच सुटायच्या. पूर्वी कुठेही पोचलो की मी चहा पिऊन घ्यायची, दुसरा चहा मागवायची, तेव्हा कुठे पहिली बॅग सुटायची. आता मी सरळ सांगितलं, की दोरी असेल तर मी येणार नाही.

मग तो कामाला लागला. कितीतरी दिवसांनी मी त्याला असं कामाला लागलेलं बघत होते. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे डबे, कात्री, पट्टी. त्याची कल्पना अशी होती: गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे लोखंडी पट्ट्यांची चौकट कायमची बसवायची. डब्याच्या पाठीवर वर दोन आकडे, खाली स्प्रिंगची एक कडी. आकडे चौकटीवर अडकवायचे, डबा खाली सोडायचा, कडी 'खट्' करून बसते. काढताना कडी ओढायची आणि डबा उचलायचा. किल्ली नाही, बोल्ट नाही, एक हात पुरतो. उजव्या बाजूचा डबा दुपारचा. त्याला काळा रंग द्यायचा, म्हणजे उन्हाने आतली पिशवी कोमट राहील. थंड पाणी पोटात गेलं की त्याला कळ यायची.

हे सगळं घडवलं मानेसरला. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत बलबीर म्हणून एकाचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. शिफ्ट सुटली की रस्ता कंपनीच्या बसगाड्यांनी आणि दाटीवाटीने भरलेल्या ऑटोंनी बंद व्हायचा, तोवर आम्ही दुकानातच बसून छोले-कुलचे खायचो, म्हणजे मी खायची आणि प्रकाश नुसता कुलचा चावायचा. बलबीरला एकच शंका होती.

"साहब, इतनी आसानी से खुलेगा तो चोर भी खोल लेगा."

"खोलने दो," प्रकाश म्हणाला. "चोर को मिलेगा क्या? चीनी-नमक का पानी."

डबे तयार झाल्यावर तळघरात तालीम सुरू झाली. तिन्ही डबे काढायचे, लावायचे, पुन्हा काढायचे. सोसायटीचा गार्ड लांबून बघत राहायचा आणि एकदा न राहवून त्याने मलाच विचारलं, की मॅडम, साहेबांचं सगळं ठीक आहे ना. प्रकाश घामाघूम झाला होता आणि हसत होता. बंगळूरहून मुलीचा फोन आला, "आई, तुम्ही दोघं पागल झालात का? ते बॉक्स हिल पडले तर?" 'निखळले' हा शब्द तिला आठवला नाही. बाप म्हणाला, "नहीं हिलेंगे, बेटा," आणि कडी ओढून तिला 'खट्' ऐकवलं.

अलवर

शनिवारी सकाळी निघालो. मागे बसून प्रकाश फार बोलत नसे, पण स्पीडब्रेकर आला की पोटातलं पाणी हिंदकळायचं आणि तो माझ्या कानाशी म्हणायचा, "टाकी भरलेली आहे, मॅडम, जरा हळू." त्याचं ते गरम, ताणलेलं पोट माझ्या पाठीला लागलेलं असायचं. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी मागे आणि तो पुढे, असे आम्ही किती फिरलो! मागून रस्ता असा दिसतो हे त्याला या वयात कळलं.

सोहन्याच्या घाटानंतर काळा डबा खडखडायला लागला. नूहच्या बाहेर एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापून आकड्याखाली बसवला, खडखड थांबली. पैसे विचारले तर म्हणाला, पहिले चाय. इकडे हे नेहमीचंच. आमच्याकडे नगरला पंक्चरवाला काम चोख करील, पण चहाचं विचारील ते तुम्ही ओळखीचे निघालात तर. प्रकाशला दिवसभराचं पाणी मोजून प्यावं लागे, म्हणून त्याचा चहा मी प्यायची आणि तो कप हातात धरून बसायचा. कुणाला नाही म्हणायचं नाही, ही त्याची सवय.

दुपारी फिरोजपूर झिरक्याला माझ्या ओळखीने एका सरकारी विश्रामगृहाची खोली मिळाली होती. गाडी उभी केली, प्रकाशने उतरताच कडी ओढली आणि काळा डबा उचलून चालू पडला. मी हेल्मेट काढेपर्यंत तो आत पोचला होता. सगळं झाल्यावर बाहेर आला तो असा ऐटीत, की खानसाम्याला वाटलं साहेब इन्स्पेक्शनला आलेत. पिशवी कोमट होती. अक्षरं स्वच्छ होती. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच तो पेशंट दिसत नव्हता, आणि मला वाटलं, बरं झालं आलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी कापून ढीग घातलेले होते, मधून अरवलीच्या उघड्या टेकड्या. अलवरला ठरवलेलं लॉज निघालं 'शुद्ध शाकाहारी'. आता प्रकाशला डॉक्टरांनी रोज अंड्याचा पांढरा भाग सांगितलेला. मॅनेजरने कानाला हात लावला. शेवटी बस स्टँडजवळच्या हातगाडीवर उकडलेली अंडी मिळाली. पांढरं तो खायचा, पिवळं मी. उरलेली दोन अंडी रुमालात लपवून लॉजमध्ये आणताना आम्ही दोघं जे काही हसलो, ते बघून मॅनेजरला नक्की संशय आला असणार. अलवरचा नावाजलेला मावा आणला होता, तो त्याने चमच्याच्या टोकावर घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ तोंडात ठेवला. मी माझ्या वाटचा खाल्ला नाही. खाववलाच नाही.

नगरच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी सिलीसेढचं तळं बघायला गेलो आणि तिथे रमलो. त्यामुळे डीगच्या रस्त्याला लागायला उशीर झाला. या रस्त्यावर नगर नावाचं गाव लागतं. प्रकाशला त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढायचा होता, आमच्या नगरच्या मंडळींना पाठवायला. पण अलीकडेच मोहरीने भरलेली एक ट्रॉली आडवी झाली होती आणि दोन्हीकडची वाहनं खोळंबली होती. त्या दिवशी ऊन एकदम चढलं होतं. वर्षातला पहिला खरा गरम दिवस. डीगला आधीच सांगून ठेवलेली खोली होती, पण वेळेत तिथे पोचणं शक्य दिसेना.

रस्त्याकडेला एक ढाबा होता. चार बाजा, एक चूल, मागे घर. चालवणारी साठीची बाई होती, शांती चाची. मी तिला सांगितलं की हे आजारी आहेत, औषध घ्यायला बंद खोली लागेल. तिने पुढचं काही विचारलं नाही. आपली स्वतःची खोली उघडली, पलंगावरची चादर काढून ट्रंकेतली धुतलेली घातली, जमीन ओल्या फडक्याने पुसली. मी सांगायच्या आधीच. आमच्याकडे परक्या माणसाला ओसरीवर बसवतील, पाणी देतील, पण आपल्या झोपायच्या खोलीची कडी काढून देणारं घर मी पाहिलेलं नाही.

प्रकाशने डबा काढला, स्वतःच आत नेला. मला म्हणाला, "तू हात-पाय धू, जेवणाचं बघ. मी करतो." पंखा बंदच होता. त्याने दार लावून घेतलं. मी अंगणातल्या हापशावर गेले.

त्या खोलीतल्या पंख्याचं बटण बाहेर, व्हरांड्यातल्या भिंतीवर होतं. मला ते माहीत नव्हतं.

शांती चाची चुलीवरून उठली. आजारी माणूस, बंद दार, बंद खिडकी, इतका उकाडा आणि पंखा नाही. पाहुणा संकोचाने बोलत नसेल, असं तिला वाटलं. तिने व्हरांड्यात जाऊन बटण दाबलं. पंखा थंडीभर बंद होता. चार-पाच महिन्यांची धूळ पात्यांवर बसलेली होती.

मी हापशावरून पंख्याचा आवाज ऐकला आणि धावले. बटण सापडायला वेळ लागला. "अरे, अरे, चलने दो, गर्मी है," चाची म्हणत होती. आतून प्रकाश एवढंच म्हणाला, "दार उघडू नकोस, रूथ."

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. केसांवर, खांद्यावर धूळ. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की मी आता काय बोलणार आहे, आणि त्याने मान हलवली. नको.

"बिना पंखे के कैसे बैठे थे, भाईसाहब?" चाचीने विचारलं. "मैंने देखा तो चला दिया."

"बहुत अच्छा किया, चाची," प्रकाश म्हणाला.

मग जेवलो. जव आणि हरभऱ्याच्या पिठाची जाड बेजड रोटी, लसणाची चटणी. आपल्या भाकरीची चुलत बहीण म्हणावी अशी, जरा कडक. प्रकाशने चटणी न घेता नुसती रोटी खाल्ली आणि तिला दोनदा चांगली झाली म्हणून सांगितलं. गाडीवर बसल्यावर मी विचारलं, "टोक उघडं होतं?"

"त्याच क्षणी. पटकन जोडलं. बघू." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "त्या बाईला काही बोलायचं नाही हं. चादर बदलली यार तिने."

मी बोलले नाही. पण मला तिचा राग आला होता, आणि तो पुढेही गेला नाही.

नगरच्या पाटीखाली फोटो काढला. त्यात तो हसतोय, मी नाही.

डीगच्या महालांत त्याला पुन्हा तरतरी आली. गच्चीवर एक मोठा हौद आहे, त्याच्या भिंतींना शेकडो भोकं. प्रत्येक भोकातून एकेका कारंज्याला पाणी जातं, आणि प्रत्येक भोक चिंध्यांच्या बोळ्याने बंद केलेलं. उत्सवाच्या दिवशी माणसं भराभर बोळे ओढतात आणि खाली बागेत कारंजी उडू लागतात. "म्हणजे राजेसाहेबांचं पण क्विक रिलीजच!" प्रकाश म्हणाला. आपल्या काळ्या डब्याला असा घराणेदार पूर्वज सापडल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता. संध्याकाळी भरतपूरला पिशवीतून त्याने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. अक्षरं स्वच्छ होती. मी ती दोनदा वाचायला लावली.

भरतपूर

सोमवारी घना, म्हणजे इथलं पक्ष्यांचं अभयारण्य, बघितलं. सायकलरिक्षाने, रमत. पाहुणे पक्षी बहुतेक परत गेले होते. रिक्षावाल्याला त्याचं वाईट वाटत होतं, जणू त्याच्याच घरून गेले. म्हणून त्याने आम्हाला कासवं दाखवली, नीलगाई दाखवल्या, आणि एका झाडाच्या ढोलीत बसलेलं घुबड दाखवलं. ते घुबड आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही. प्रकाश मात्र "हाँ, हाँ, दिख गया" म्हणाला. नंतर मला हळूच म्हणाला, "तुला दिसलं का गं?" रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. रोजच्यापेक्षा जरा जास्त दमला होता. मी ते उन्हावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. मी गाडीला डबे अडकवून, खाली चहा सांगून वर आले. प्रकाश पलंगाच्या कडेला बसला होता. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवलेली होती आणि तो काही वाचत नव्हता.

"चष्मा दे जरा," तो म्हणाला.

चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता. मी वाकून बघितलं. पिशवीखाली काळसर ओळी कळत होत्या, पण अक्षर एकही लागत नव्हतं. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं.

मी दिल्लीला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब या. लॉजच्या मालकाने टॅक्सी बोलावली, गाडी आपल्या शेडमध्ये ठेवून घेतो म्हणाला. प्रकाशला ताप भरला होता, तो पायरीवर बसून राहिला. टॅक्सीवाला डिकी उघडतोय तोवर मी तिन्ही कड्या ओढल्या आणि डबे जमिनीवर ठेवले. अजिबात वेळ लागला नाही. पायरीवरून प्रकाश म्हणाला, "बघ, किती पटकन निघाले." त्याला मनापासून बरं वाटलं होतं. आणि मला त्या क्षणी जुनी दोरी हवी होती, त्याच्या त्या न सुटणाऱ्या गाठी हव्या होत्या, म्हणजे निघायला उशीर झाला असता आणि आम्ही अजून थोडा वेळ प्रवासात असतो.

टॅक्सीत तो दिल्लीपर्यंत माझा हात धरून होता. मथुरेनंतर बोलला नाही.

औषधं लागू पडली नाहीत. पोटातली नळी काढावी लागली, मशीन सुरू झालं, आणि मशीन त्याच्या हृदयाला झेपलं नाही. मे महिन्यात तो गेला. मुलगी आली, चर्चची माणसं आली, ऑफिसातले सगळे आले. खूप माणसं होती आणि मला त्यांतलं कुणी नको होतं. मी डॉक्टरांना विचारलं की हे त्या पंख्यामुळे झालं का. ते म्हणाले, "कह नहीं सकते. हो सकता है, नहीं भी." त्यांनी सरळ हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. माझ्याजवळ निदान एक नक्की कारण असतं.

परत

लॉजचा मालक दर महिन्याला फोन करायचा. गाडी सुरू करून ठेवतोय, कधी येताय? ऑक्टोबरमध्ये मी निघाले. मुलगी म्हणाली, तिथेच विकून टाक. पण मला त्या रस्त्याने जायचं होतं. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मला शांती चाचीला भेटायचं होतं आणि सांगायचं होतं. उन्हाळाभर मी ते हिंदी वाक्य मनात घोळवत होते: चाची, उस दिन आपने पंखा क्यों चलाया? कधी स्वयंपाक करताना, कधी ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये. हे तिला कळलं पाहिजे, मी एकटीनेच हे घेऊन का फिरायचं, असं मला वाटायचं.

मालकाने गाडी पुसून, हवा भरून तयार ठेवली होती. चौकटी दोन्ही बाजूंना तशाच होत्या, रिकाम्या. मी पाठीवर एक सॅक घेऊन निघाले. मागे वजन नसलं की गाडी उडते, वळणावर नको तेवढी कलते. अंगाला दोघांचा अंदाज बसलेला होता. डीगला थांबले नाही. नगरची पाटी आली तेव्हा समोर बघत राहिले.

ढाबा तसाच होता. गाडीचा आवाज ऐकून चाची चुलीवरून उठून आली, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि तिला ओळख पटली.

"अरे, दिल्ली वाली बहनजी! अकेली? भाईसाहब नहीं आए?"

"नहीं रहे, चाची. मई में."

ती मटकन बाजेवर बसली. पदर तोंडाला लावला. मी हेल्मेट हातात धरून उभी होते. वाक्य अगदी तोंडात होतं. तिनेच विचारलं, "क्या हुआ था?"

"बीमार थे," मी म्हणाले.

"बीमार तो थे. कितने भले आदमी थे." ती रडत होती. मग पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघून म्हणाली, "मेरे यहाँ तो उनको कोई तकलीफ़ नहीं हुई ना, बहनजी? मैं बाद में कई दिन सोचती रही. बीमार आदमी, इतनी गर्मी, और मैंने पंखा भी देर से चलाया."

देर से. तिला वाटत होतं की तिने उशीर केला.

माझा राग संपला असं मी म्हणणार नाही, तो आजही आहे. पण तो या बाईच्या ओंजळीत कसा टाकायचा हे मला कळेना. चादर बदलली यार तिने, असं कोणीतरी कानाशी बोलल्यासारखं वाटलं.

"नहीं चाची," मी म्हणाले. "उनको बहुत आराम मिला था. रास्ते भर बोल रहे थे."

तिने माझा हात धरला. "रोटी में टाइम लगेगा. थोड़ा लेट जाओ," म्हणून मला आतल्या खोलीत नेलं. मला नको होतं, पण मी गेले. दिवाळीची सफाई झाली होती. भिंतींना नवा चुना होता, ट्रंकेवर नवं कापड. पंख्याची तिन्ही पाती धुऊन लख्ख केलेली होती. मी पलंगावर आडवी झाले. दार ओढून घेताना चाची थांबली.

"पंखा चला दूँ?"

"चला दो, चाची," मी म्हणाले.

बाहेर बटण वाजलं. पंखा हळूहळू फिरायला लागला. वरून काहीही खाली आलं नाही. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून मी ओढणी तोंडात धरली, आणि मेपासून न रडलेलं सगळं तिथे रडले.